सांडपाण्याचं तळं जमिनीत झिरपतंय हे रेझिस्टिव्हिटी सर्व्हेने सिद्ध होतं का?

आधी प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमच्या विहिरीपासून साधारण ३५० मीटरवर एका कारखान्याचं सांडपाण्याचं तळं आहे, ते चार वर्षांपूर्वी चालू झालं. गेल्या दोन वर्षांत विहिरीच्या पाण्याची ईसी (म्हणजे वीजवाहकता, क्षार जास्त तेवढी ही जास्त) ९०० वरून ३४०० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरवर गेली, तळ्यातल्या पाण्याची ११००० आहे, विहिरीत पाणी ९ मीटरवर लागतं. कारखाना म्हणतो तळ्याला प्लास्टिकचं लायनर आहे, गळायचा प्रश्नच नाही. आणि तुम्हाला कोणीतरी सांगितलंय की रेझिस्टिव्हिटी सर्व्हे, म्हणजे जमीन विजेला किती अडवते त्याची मोजणी, करून घ्या, सगळं रंगीत चित्रात दिसेल. तुम्ही विचारताय की त्याने सिद्ध होईल का, आणि मशीन कुठलं लावायचं.

नुसत्या सर्व्हेने सिद्ध होणार नाही. पण सर्व्हे न करता बोअर मारत सुटलात तर त्याहून वाईट, कारण पैसे जातील आणि बोअर नेमका झिरपणाऱ्या पट्ट्याच्या बाहेर पडला तर "बघा, पाणी स्वच्छ आहे" असा रिपोर्ट समोरच्याच्या हातात जाईल. माझ्या मते सर्व्हेचं खरं काम एकच, बोअर कुठे आणि किती खोल घ्यायचा ते ठरवणं. पुरावा जो काय असेल तो त्या बोअरच्या पाण्याच्या बाटलीत असतो.

याचं कारण असं की कुठलंही विजेवर चालणारं जिओफिजिकल मशीन प्रदूषण बघत नाही, जमिनीतून करंट किती सहज जातो तेवढंच बघतं. पाण्यात क्षार विरघळलेले असले की करंट सहज जातो म्हणून आपल्याला फायदा होतो. उद्या त्याच तळ्यातून लिटरमागे मिलिग्रॅमच्या हिशेबात एखादा जड धातू झिरपत असेल आणि बाकी क्षार फारसे नसतील तर मशीनला तो दिसणारच नाही, विषारी असला तरी. सॉल्व्हंटचंही तसंच, ती वीजवाहक नसतात, त्यामुळे हा सर्व्हे त्यांच्यासाठी जवळजवळ आंधळा. तुमच्या केसमध्ये नशीब चांगलं म्हणायचं की पाणी खारट आहे.

आता कागदावर थोडं गणित करा, मशीन बोलवायच्या आधी. १०००० ला ईसीने भागलं की पाण्याची रेझिस्टिव्हिटी ओहम-मीटरमध्ये मिळते. म्हणजे तुमचं जुनं पाणी साधारण ११, आत्ताचं ३ च्या आसपास, आणि तळ्यातलं ०.९. हे झालं नुसत्या पाण्याचं, वाळूत भरलेल्या पाण्याचं त्याच्या काही पट असतं. आर्ची नावाच्या पेट्रोलियम इंजिनिअरने १९४२ मध्ये तेलाच्या विहिरींसाठी जे नातं मांडलं त्यावरून स्वच्छ वाळूला ही पट ढोबळमानाने ४ ते ५ धरायला हरकत नाही. म्हणजे चांगल्या पाण्याची वाळू ५० ओहम-मीटर, तुमच्या विहिरीसारखं पाणी असलेली १३-१४, आणि तळ्याच्या अगदी जवळची, न मिसळलेलं पाणी असलेली ४. पन्नास आणि चार यातला फरक कुठल्याही बऱ्या मशीनला दिसतो. पन्नास आणि चाळीस असता तर मी सरळ सांगितलं असतं की पैसे घालवू नका.

अजून एक आकडा काढून बघा. विहिरीची ईसी २५०० ने वाढली, तळं आणि जुनं पाणी यातला फरक १०१००, भागाकार साधारण पाव. म्हणजे वाढ सगळी तळ्यामुळे असेल तर तुमच्या विहिरीत ढोबळमानाने चौथा हिस्सा तळ्याचं पाणी येतंय. हे खूप आहे. एवढं येत असेल तर मधल्या ३५० मीटरमध्ये त्याचा पट्टा जाड असणार, कुठेतरी सापडायलाच हवा. आणि तिथे सापडलाच नाही तर मग वाढ दुसरीकडून आलीय की काय हेही बघायला लागेल, खताचे क्षार, सेप्टिक टँक, जमीनच मुळात खारी असणं, असं काहीही.

वेळेचंही जुळतंय का ते बघा. तळं चार वर्षांपूर्वी, विहीर बिघडायला लागली दोन वर्षांपूर्वी, म्हणजे ३५० मीटर यायला दोन वर्षं, दिवसाला अर्धा मीटर. जमिनीची पाणी वाहून नेण्याची क्षमता दिवसाला १० मीटर, भूजलाच्या पातळीचा उतार शंभराला एक, सच्छिद्रता २५ टक्के धरली तर वेग येतो दिवसाला ०.४ मीटर. म्हणजे वाळू किंवा भुसभुशीत मुरूम असेल तर गोष्ट पटण्यासारखी आहे. पण जमिनीची क्षमता त्याच्या दहाव्या हिश्श्याची असेल तर तेच पाणी यायला वीसपेक्षा जास्त वर्षं लागतील आणि मग कारखानाच खरं बोलतोय असंही निघू शकतं. खडकाच्या भेगांतून येत असेल तर हा हिशेब लागू नाही, भेगांतून पाणी फार पटकन येतं आणि फार अरुंद वाटेने येतं. तुम्ही जमीन कशी आहे ते लिहिलेलं नाही, त्यामुळे इथून पुढचं बरंचसं त्यावर अवलंबून आहे हे धरून वाचा.

पाणी कुठल्या दिशेला वाहतंय हे बहुतेक लोक जमिनीच्या उतारावरून ठरवतात आणि तिथेच गोची होते. आजूबाजूच्या तीन-चार विहिरी किंवा बोअर शोधा, एका सरळ रेषेत नसलेले, सगळ्यांच्या काठाची उंची एकाच पातळीवरून लेव्हल मशीनने काढा आणि एकाच दिवशी, पंप बंद ठेवून, पाण्याची पातळी मोजा. यातून दिशा मिळते. पंप बंद ठेवून म्हणतोय कारण जोरात उपसली जाणारी विहीर आजूबाजूचं पाणी स्वतःकडे ओढते, आणि तुमची विहीरही कदाचित तेच करतेय, म्हणजे पट्टा उताराने न येता तुमच्या पंपाने ओढून आणलेला असू शकतो. त्याने कारखान्याची जबाबदारी कमी होत नाही, पण लाईन कुठे टाकायची ते बदलतं.

आता मशीन. तुमच्या खोलीसाठी आणि अंतरासाठी ईआरटी, म्हणजे एका ओळीत बरेच इलेक्ट्रोड ठोकून घेतलेली रेझिस्टिव्हिटी, हाच मुख्य पर्याय. ४८ इलेक्ट्रोड ५ मीटरवर लावले तर लाईन २३५ मीटरची होते आणि साधारण ४० मीटरपर्यंतचं काहीतरी कळतं, तुम्हाला ९ ते २५ मीटरमध्ये रस आहे तेव्हा पुरेसं आहे. पहिली लाईन तळ्याच्या वरच्या अंगाला, जिकडून पाणी येतं तिकडे. लोक हीच लाईन वाचवतात आणि मग सगळं वाया जातं, कारण स्वच्छ जमीन कशी दिसते हेच माहीत नसेल तर खराब जमीन कशी ओळखणार. दुसरी तळ्याच्या खालच्या अंगाला २०-३० मीटरवर, पाण्याच्या वाहण्याला आडवी. तिसरी तशीच आडवी, विहीर आणि तळं यांच्या मधोमध. जमलं तर चौथी उभी, तळ्याकडून विहिरीकडे. फक्त उभी एकच लाईन टाकणारे लोक असतात, ती पट्ट्याच्या शेजारून गेली तर काहीच दिसत नाही, आडवीला तो पट्टा ओलांडायलाच लागतो.

खडकाच्या भेगा असतील तर मात्र ५ मीटरच्या अंतराने दोन मीटर रुंदीची भेग वीस मीटर खोलीवर पकडायची अपेक्षा ठेवू नका. वरच्या थरात इलेक्ट्रोडच्या अंतराच्या निम्म्याएवढी गोष्ट कशीबशी दिसते आणि खाली जाल तशी नजर मंद होत जाते.

ईएम मशीन, म्हणजे जमिनीला न टोचता नुसतं घेऊन चालायचं, ते फार पटापट होतं आणि मोठं क्षेत्र आधी चाळून घ्यायला मला आवडतं. पण छोटं ईएम-३१ साधारण ६ मीटरपर्यंतच बघतं, तुमचं पाणी ९ वर, त्यामुळे तुम्हाला ते तळ्याच्या काठाशी उथळ गळती बघायलाच उपयोगी. मोठं ईएम-३४ कॉइलच्या अंतरानुसार १५-३० मीटर, अगदी ६० पर्यंतही जातं. कारखान्याच्या कुंपणाजवळ मात्र ते वेड्यासारखं वागतं, लोखंडी पाइपवर तर रीडिंग उणे येतं, आणि उणे वाहकता अशी काही गोष्ट जमिनीत नसते. तसं दिसलं की समजायचं इथे पाइप आहे. जीपीआर, म्हणजे जमिनीत रडारच्या लहरी सोडणारं मशीन, विचारूच नका, खारट ओल्या जमिनीत त्याचा सिग्नल मीटर-दीड मीटरमध्ये संपतो.

सेल्फ पोटेन्शियलबद्दलही, म्हणजे जमिनीत आपोआप तयार होणारा व्होल्टेज मोजण्याबद्दल, कोणीतरी सांगेलच, धरणाची गळती शोधायला वापरतात म्हणून. पद्धत छान आणि स्वस्त आहे, कॉपर सल्फेटच्या मडक्या ठेवायच्या आणि मिलिव्होल्ट मोजायचे, पाणी आत जातं तिथे सहसा उणे. पण त्यातली एक गोष्ट कोणी सांगत नाही, पाणी जितकं खारट तितका हा सिग्नल मेलेला. जमिनीतून वाहणाऱ्या पाण्याने जो व्होल्टेज तयार होतो तो पाण्याच्या वाहकतेच्या उलट्या प्रमाणात असतो. धरणाच्या गोड्या पाण्यात जे सुंदर दिसतं ते ११००० ईसीच्या पाण्यात गंजक्या पाइपांच्या आवाजात बुडून जातं. त्यामुळे तुमच्याकडे मी ते करणार नाही.

आता सगळ्यात मोठी अडचण, चिकणमाती. गोड्या पाण्यातली चिकणमातीसुद्धा ५ ते २० ओहम-मीटर दाखवते, आणि तुमचा खराब पट्टाही तेवढाच दाखवणार. चित्रात दोन्ही निळे, कमी रेझिस्टिव्हिटीला तोच रंग देतात. समोरच्याचा सल्लागार पहिलं हेच म्हणणार, आणि तो चुकीचा नाही. म्हणून मी अशा ठिकाणी रेझिस्टिव्हिटीबरोबर आयपी घ्यायला सांगतो, करंट बंद केल्यावर जमीन किती वेळ व्होल्टेज धरून ठेवते ते. वाळूत नुसतं खारट पाणी असेल तर ती जवळजवळ काही धरत नाही, चिकणमाती मिसळलेली वाळू धरते. एका कामात तळ्याखालचा मोठा निळा डाग सगळ्यांनी गळती म्हणून धरला होता, कारखान्याने घाबरून लायनर बदलायची तयारी केली होती. आयपी लावल्यावर डागाचा डावा दोन-तृतीयांश भाग चांगला चार्ज धरत होता, उजवा अजिबात नाही. डावीकडे बोअर मारला तर निळसर राखाडी चिकणमाती आणि आत पाणी बरं. उजवीकडे खरंच सांडपाणी होतं पण ते तळ्यातून येतच नव्हतं, प्लँटमधून तळ्याकडे येणाऱ्या जमिनीखालच्या पाइपचा जोड सुटला होता. म्हणून तुम्हीही "तळं" एवढ्यावर डोळे लावून बसू नका, पाइप, सम्प (जमिनीतली टाकी), चेंबर, हे तळ्यापेक्षा जास्त गळतात. आयपीचीही हमी नाही हे सांगून ठेवतो, एकदम जाड शुद्ध चिकणमाती कधीकधी फारसा आयपी देत नाही, आणि पुरलेलं लोखंड भरपूर देतं.

फिल्डवर काय बघायचं. इलेक्ट्रोड ठोकून झाले की मशीन आधी प्रत्येकाचा कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स, म्हणजे इलेक्ट्रोड आणि माती यांच्यामधला विजेचा अडथळा, तपासतं, तो स्क्रीनवर दिसतो, बाजूला उभे राहून बघा. कोरड्या मातीत २०-३० किलोओहम येतात, मग माणूस बाटली घेऊन फिरतो, पहारीने भोक मोठं करून मिठाचं पाणी ओततो, माती दाबतो, परत तपासतो, तेव्हा तो दोन-तीनवर येतो. हे कंटाळवाणं काम जो क्रू मन लावून करतो त्याचा डेटा चांगला असतो. "चालतं हो" म्हणून पुढे गेले तर त्यांना थांबवा. आणि थोडी रीडिंग करंट आणि व्होल्टेजचे इलेक्ट्रोड अदलाबदल करून परत घ्यायला सांगा, दोन्ही सारखी यायला पाहिजेत. पाच-दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर तो भाग कितीही सुंदर रंगात आला तरी विश्वास ठेवू नका. जवळ अर्थिंगचे रॉड, सळयांचं काँक्रीट, तारेचं कुंपण कुठे आहे ते नकाशावर मार्क करून घ्या, करंट तिकडून पळतो. हो, आणि केबलमध्ये काहीशे व्होल्ट असतात, जनावरं आणि पोरं लाईनपासून लांब ठेवा.

चित्राबद्दल. सॉफ्टवेअर जे देतं तो फोटो नाही, मोजलेल्या आकड्यांना बसणाऱ्या अनेक शक्यतांपैकी एक गुळगुळीत शक्यता आहे. दोन गोष्टी मी हमखास तपासतो. एक, सगळ्या लाईनना रंगाची पट्टी सारखी आहे का. प्रत्येक चित्राला वेगळी पट्टी दिली की स्वच्छ लाईनमध्येसुद्धा भडक डाग तयार करता येतो, आणि गळती लपवायची असेल तर उलटंही करता येतं. दुसरं, पट्ट्याचा तळ. करंट खारट थरातच खेळत राहतो, खाली जातच नाही, त्यामुळे पट्टा वरून कुठे सुरू होतो ते बरं कळतं पण खाली कुठे संपतो ते नाही. रिपोर्टमध्ये "प्रदूषण २३.५ मीटरपर्यंत आहे" असं ठाम लिहिलेलं दिसलं तर लिहिणाऱ्याला विचारा हा आकडा आला कुठून.

लायनरचं म्हणाल तर ते थेट तपासता येतं, फक्त त्यांची परवानगी लागते. प्लास्टिक वीज जाऊ देत नाही. एक इलेक्ट्रोड तळ्याच्या पाण्यात, दुसरा बाहेर जमिनीत, करंट सोडायचा. लायनर धड असेल तर करंट जवळजवळ जात नाही, भोक असेल तर त्या भोकातूनच जातो आणि पाण्यात व्होल्टेज मोजत गेलं की भोक कुठे आहे तेही सापडतं. एएसटीएम डी७००७ ही याचीच प्रमाणित पद्धत आहे, नवीन काही नाही. अट एवढीच की पाणी कुठेही काठावरून किंवा लोखंडी पाइपमधून बाहेरच्या जमिनीला चिकटलेलं नको, नाहीतर करंट तिकडूनच जाईल आणि गळती नसताना गळती दिसेल. ज्यांना लायनरची खात्री आहे त्यांनी ही टेस्ट करायला कशाला घाबरावं, असं तुम्ही मीटिंगमध्ये नक्की विचारा.

परवानगी नाहीच मिळाली तरी पाण्याचा हिशेब मागता येतो, तो तर बिनमशीनचा आहे. दोन-तीन कोरडे दिवस तळ्यात येणं-जाणं बंद ठेवायचं, तळ्यातच एक मोठं भांडं तळ्याचंच पाणी भरून तरंगतं ठेवायचं, आणि दोन्हीची पातळी किती उतरली ते मोजायचं. भांड्यातलं उतरलं ते बाष्पीभवन, तळं त्याहून जास्त उतरलं ते गळती. एक हेक्टरच्या तळ्यात दिवसाला २ मिलिमीटरचा फरक म्हणजे २० घनमीटर पाणी रोज जमिनीत. मिलिमीटर अचूक मोजायला वारा नसलेली पहाट निवडावी लागते, लाटांत मोजलेलं काही खरं नसतं.

मग बोअर, ते ईआरटी बघून. एक सगळ्यात कमी रेझिस्टिव्हिटीच्या जागी, एक वरच्या अंगाला स्वच्छ म्हणून, आणि एक अशा ठिकाणी जिथे चित्र आणि तुमचा अंदाज जुळत नाही. तो तिसरा बोअर लोक टाळतात, पण समोरचा सल्लागार प्रश्न त्याबद्दलच विचारतो. खारट पाणी थोडं जड असतं, थराच्या तळाशी जाऊन बसतं, म्हणून जाळीचा पाइप नुसता वर ठेवू नका. बोअर आधी उपसून घ्या, नमुना त्याच दिवशी तळ्याचाही घ्या, आणि क्लोराइड, सल्फेट, सोडियम, नायट्रेट, कॅल्शियम असे मुख्य आयन तपासा. क्लोराइड जमिनीत अडकत नाही की बदलत नाही, म्हणून तोच मुख्य साक्षीदार. तळ्यात, बोअरमध्ये आणि विहिरीत क्लोराइड-सल्फेटचं गुणोत्तर सारखं येत असेल आणि वरच्या अंगाच्या बोअरमध्ये वेगळं, तर बोलण्यासारखं काहीतरी हातात आलं. नायट्रेट चढलेलं आणि क्लोराइड तेवढं नाही असं असेल तर आधी खत आणि सेप्टिक टँककडे बघा.

एक गोष्ट लवकर करायची, पावसाच्या आधी. ईआरटीच्या इलेक्ट्रोडच्या जागा खुंट्या ठोकून कायम करून ठेवा आणि पाऊस संपल्यावर त्याच जागी परत लाईन घ्या. चिकणमाती सहा महिन्यांत जागची हलत नाही, झिरपणारं पाणी हलतं. दोन्ही वेळच्या डेटाचा फरक काढला की चिकणमातीचा वाद बराचसा मिटतो. फक्त जमिनीचं तापमान लक्षात घ्या, दर अंशाला वाहकता साधारण २ टक्क्यांनी बदलते, उन्हाळ्यातला आणि थंडीतला वरचा थर त्यामुळेच वेगळा दिसू शकतो. खाली ९ मीटरवर त्याचा त्रास नगण्य.

कॉन्ट्रॅक्ट देताना हे लेखी घ्या: मशीनमधून निघालेली मूळ डेटा फाइल, प्रत्येक इलेक्ट्रोडचे जीपीएस आणि उंची, काढून टाकलेल्या रीडिंगची यादी, आणि मॉडेलची एरर टक्केवारी. नुसती पीडीएफ आणि रंगीत चित्रं देणाऱ्याला काम देऊ नका. मूळ फाइल असेल तर उद्या तिसरा कोणीही माणूस तोच डेटा परत चालवून बघू शकतो, आणि वाद खरंच पुढे गेला तर ते लागणारच आहे. जमीन कशी आहे आणि आजूबाजूच्या विहिरींच्या पातळ्या कळल्या की इथेच टाका, लाईन कुठे घ्यायच्या ते नकाशावर आखून देतो.